पाठभेदाला घाबरायचं कशाला?

"बायबल नेमकं लिहिलं कोणी?" हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी विचारला जातो. विचारणाऱ्यांचे सूर मात्र वेगवेगळे असतात. वर्गातली मैत्रीण खऱ्या कुतूहलानं विचारते, कारण तिच्या घरी ज्ञानेश्वरीचं पारायण होतं आणि तिला ताडून बघायचं असतं. एखादा मुलगा छप्पन दुकानवर पोहे खाता खाता मुद्दाम काडी टाकतो, "तुमचं बायबल तर बदललेलं आहे म्हणे!" या दोन्ही सुरांचं मला काही वाटत नाही. तिसरा सूर घरातला आहे आणि तो बोचतो.

माझा मावसभाऊ एकोणीस वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी त्यानं मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. नव्या कराराच्या हस्तलिखितांमध्ये चार लाख फरक आहेत, असं त्यात ठासून सांगितलं होतं. त्यानं ते कॅटेकिझमच्या वर्गात विचारलं. उत्तर मिळालं, "असले प्रश्न मनात येतात ते श्रद्धा कमी पडते म्हणून. प्रार्थना कर." त्यानं प्रार्थना केली की नाही ठाऊक नाही, पण त्यानंतर तो रविवारच्या मिस्साला येईनासा झाला. मावशी मोबाईलला दोष देते. माझं मत वेगळं आहे. मोबाईलनं त्याला एक आकडा दिला, आणि तो आकडा फारसा चुकीचाही नव्हता. दोष त्या उत्तराचा आहे. प्रश्न विचारणाऱ्याला आपण सांगितलं की तुझा प्रश्नच पाप आहे, आणि त्यानं ते मनावर घेतलं.

म्हणून हा लेख. मी काही धर्मशास्त्राची अभ्यासक नाही, साहित्याची विद्यार्थिनी आहे. पण मला वाटतं की बायबल कसं तयार झालं, कसं टिकलं, हे समजून घ्यायला मराठी साहित्याच्या वर्गाइतकी चांगली जागा दुसरी नाही. आपल्याला 'पाठभेद' हा शब्द ठाऊक असतो. चर्चमधल्या किती जणांना तो ठाऊक आहे?

लीळाचरित्राचंच बघा. चक्रधरस्वामी निघून गेले. त्यांनी स्वतः काही लिहून ठेवलं नव्हतं. मागे राहिलेले लोक त्यांच्या आठवणी सांगत होते, एकमेकांना ऐकवत होते. मग म्हाइंभटांना वाटलं की या लीळा लिहून ठेवायला हव्यात. ते नागदेवाचार्यांकडे बसले, ज्यांनी जे पाहिलं होतं त्यांच्याकडे गेले, विचारलं, पडताळलं, लिहिलं. हे साधारण १२७८ च्या सुमाराचं. पुढे स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी गेली असं परंपरा सांगते, आणि मग ज्यांना ती पाठ होती त्यांच्या आठवणीतून ती पुन्हा उभी राहिली. माणसं वेगळी, आठवणी थोड्या वेगळ्या. महानुभावांनी काय केलं? एकाचं खरं आणि दुसऱ्याचं खोटं ठरवून पोथ्या जाळल्या नाहीत. अमक्याची 'वासना' अशी, तमक्याची 'वासना' अशी, असं नावानिशी नोंदवून ठेवलं. वर्गात हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या डोक्यात एकच विचार होता: ही तर शुभवर्तमानांची गोष्ट आहे!

येशूनंही काही लिहिलं नाही. साधारण इसवी सन ३० च्या आसपास त्याला क्रुसावर दिलं गेलं. नव्या करारातलं सर्वांत जुनं लिखाण शुभवर्तमान नव्हेच, ती संत पौलाची पत्रं आहेत, इसवी सन ५० च्या आसपास सुरू होणारी. बहुतेक अभ्यासकांच्या मते मार्क पहिला, साधारण ७० च्या आगेमागे. मत्तय आणि लूक त्यानंतर दहा-पंधरा वर्षांनी, मार्कचं लिखाण समोर ठेवून. योहान सगळ्यांत शेवटी, पहिलं शतक संपता संपता. म्हणजे मधल्या काळात या गोष्टी तोंडी फिरत होत्या, भाकर मोडताना सांगितल्या जात होत्या. लूक तर सुरुवातीलाच सांगून टाकतो की माझ्याआधी बऱ्याच जणांनी हे लिहायचा प्रयत्न केलाय, मी डोळ्यांनी पाहणाऱ्यांकडून आलेलं नीट तपासून क्रमानं मांडतोय. हे म्हाइंभटाचंच काम झालं. वरून कोणी मजकूर सांगतंय आणि तो लिहून घेतोय, असा दावा लूक करत नाही.

"चाळीस वर्षांत गोष्टीचं काय होत असेल?" हा पुढचा प्रश्न रास्त आहे. त्यासाठी मला पॅलेस्टाईनला जायची गरज वाटत नाही, उदयनगरपर्यंत गेलं तरी पुरे. सिस्टर रानी मारिया यांचा खून २५ फेब्रुवारी १९९५ ला झाला, उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरमध्येच त्यांना 'धन्य' घोषित केलं गेलं, तेव्हा मी शाळेत होते. त्यांना प्रत्यक्ष ओळखणारी माणसं आजही आपल्या धर्मप्रांतात आहेत. ती आठवणी सांगतात तेव्हा बारीकसारीक तपशील जुळत नाहीत. पण उद्या कोणी लिहिलं की त्या केरळमध्ये म्हातारपणी शांतपणे वारल्या, तर दहा जण उठून म्हणतील, "अहो, काय लिहिताय!" तीस-चाळीस वर्षं म्हणजे तपशील हलण्याइतका काळ नक्कीच, पण मुख्य गोष्ट कोणीही कशीही बदलावी आणि कोणाला कळू नये, इतका नाही. शुभवर्तमानं याच पट्ट्यात बसतात. योहान जरा लांब जातो, आणि त्याची भाषा वाचली की ते कळतंही. तो आठवण सांगता सांगता चिंतनात शिरतो.

तपशील हलल्याचं उदाहरण आपण दर डिसेंबरमध्ये घराच्या कोपऱ्यात मांडतो. गोठा, गव्हाण, मेंढपाळ, तीन राजे, तारा, बैल, गाढव. आता मत्तय उघडा. त्यात तारा आहे, पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक आहेत, पण ते एका घरात येतात. गव्हाण नाही, मेंढपाळ नाहीत. आणि ते तिघे होते असंही मत्तय म्हणत नाही, भेटी तीन म्हणून माणसं तीन झाली. लूक उघडा. गव्हाण आहे, मेंढपाळ आहेत, ज्ञानी लोकांचा पत्ता नाही. बैल आणि गाढव दोघांतही नाहीत! (आमच्या गोठ्यात उंटही आहे, तो सराफ्यातून आणलाय.) मला गोठा मांडायला आवडतो आणि मी तो पुढच्या वर्षीही मांडणार आहे. फक्त मांडताना हे ठाऊक असावं की आपण दोन वेगळ्या लेखकांना एकत्र बसवतोय. दोघं एकच जन्म दोन बाजूंनी सांगताहेत. मत्तयला तो नवा मोशे दिसतो, लूकला तो गरिबांच्यात आलेला दिसतो. दोघांचं मिळून सपाट एक केलं की दोघंही हरवतात.

आता त्या चार लाखांकडे येऊ.

नव्या कराराची ग्रीक हस्तलिखितं, अगदी लहान तुकड्यांपासून पूर्ण ग्रंथांपर्यंत, साडेपाच हजारांहून जास्त आहेत. सगळी हातानं उतरवलेली. फळ्यावरचा एक उतारा चाळीस मुलांना उतरवायला सांगा. कोणी 'पाणि' लिहील, कोणी ओळ गाळेल, कोणी तीच ओळ दोनदा लिहील, आणि एखादा शहाणा सरांची चूक सुधारतोय असं समजून स्वतःचा शब्द घालेल. हा प्रत्येक फरक मोजला तर एका पानाचे शेकडो फरक निघतील. नव्या करारातले बहुतांश फरक असेच आहेत: अक्षरं, शब्दांचा क्रम, 'येशू' की 'प्रभू येशू'. आणि मला यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे: एकच प्रत उरली असती तर पाठभेद शून्य झाले असते. तेव्हा कोणी व्हिडिओ केला नसता. पण त्या एका प्रतीत काय चुकलंय हे ओळखायचा मार्गही उरला नसता. फरक दिसतात, कारण ताडून बघायला प्रती आहेत. चाळीस वह्या समोर असतील तर फळ्यावर काय होतं ते जवळजवळ नक्की सांगता येतं.

काही फरक मात्र मोठे आहेत आणि ते लपवून उपयोग नाही. मार्कच्या शेवटच्या बारा ओळी सर्वांत जुन्या पूर्ण प्रतींमध्ये नाहीत. चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन इथल्या त्या दोन प्रसिद्ध प्रती, दोन्हींत मार्क रिकाम्या कबरीपाशी, घाबरलेल्या बायकांपाशीच थांबतो. आणि व्यभिचाराच्या आरोपाखाली धरून आणलेल्या बाईची गोष्ट, ज्यात येशू खाली वाकून जमिनीवर बोटानं लिहितो, तीही योहानाच्या सर्वांत जुन्या प्रतींमध्ये सापडत नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला धक्का बसला होता, कारण ही माझी सर्वांत आवडती गोष्ट आहे.

मग भांडारकर संस्थेचं महाभारत आठवलं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेनं १९१९ मध्ये महाभारताच्या संशोधित आवृत्तीचं काम सुरू केलं, ते १९६६ पर्यंत चाललं. बाराशेहून जास्त हस्तलिखितं ताडून बघितली. व्यास सांगताहेत आणि गणपती लिहून घेतोय, ही आपल्या सगळ्यांच्या ओळखीची गोष्ट त्या आवृत्तीत मुख्य संहितेत नाही, ती परिशिष्टात गेली आहे. म्हणून कोणाच्या घरातला गणपती उठून गेला का? नाही. लोकांनी समजून घेतलं की गोष्ट नंतर आली, पण परंपरेनं ती आपली मानली. त्या बाईच्या गोष्टीचं तसंच आहे. ती कदाचित वेगळी फिरत होती आणि नंतर योहानात येऊन बसली. चर्चनं ती पवित्र शास्त्रात ठेवली आहे, उपवासकाळात ती वेदीवरून वाचली जाते. तळटीप काय सांगते तेही खरं, आणि ती वाचली जाते तेही योग्य. दोन्ही एकदम मान्य करायला जागा लागते, पण ती आपल्याकडे आहे.

ज्ञानेश्वरीचं उदाहरण तर आणखी जवळचं. ज्ञानेश्वरांनंतर तीनशे वर्षांत प्रतींमध्ये इतकी भेसळ झाली की एकनाथ महाराजांना शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती गोळा करून शुद्ध पाठ तयार करावा लागला. स्वतःच्या ओव्या घुसडणाऱ्यांना त्यांनी शेवटी सज्जड ताकीद देऊन ठेवली. म्हणजे पाठ तपासणं ही परदेशी विद्वानांनी श्रद्धेवर केलेली शस्त्रक्रिया वगैरे काही नाही. एका संतानं दुसऱ्या संताच्या प्रेमापोटी ते केलं. योगायोग म्हणजे संत जेरोमनं चौथ्या शतकाच्या अखेरीला लॅटिन बायबलसाठी हेच केलं होतं, कारण लॅटिन प्रतीही अशाच वाटेल तशा झाल्या होत्या.

आणि आमचं स्वतःचं ख्रिस्तपुराण? फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले, मराठी शिकले, आणि १६१६ मध्ये राशोळच्या छापखान्यात त्यांचं पुराण रोमन लिपीत छापलं गेलं. १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापलं. आज या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत उपलब्ध नाही. १९०७ मध्ये मंगळूरला सालढाणांनी ते पुन्हा छापलं ते हस्तलिखितांवरून. लंडनमध्ये एक देवनागरी हस्तलिखित आहे, त्याची शब्दकळा वेगळी, जास्त संस्कृतकडे झुकणारी. मूळ कोणतं यावर वाद होऊ शकतो. पण स्टीफन्सनं ख्रिस्तपुराण लिहिलंच नाही असं कोणी म्हणत नाही. छपाईचं युग सुरू झाल्यानंतरच्या, चारशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकाची ही अवस्था. मग दोन हजार वर्षांपूर्वी पपायरसवर लिहिलेल्या पत्रांची मूळ प्रत नाही, याचं इतकं आश्चर्य कशाला? मँचेस्टरच्या ग्रंथालयात योहानाचा तळहातावर मावेल एवढा तुकडा आहे, बहुधा दुसऱ्या शतकातला. एवढा जुना तुकडा उरला याचंच मला नवल वाटतं.

जुन्या कराराची गोष्ट वेगळी आणि लांबलचक आहे, इथे एवढंच सांगते. १९४७ मध्ये मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांमध्ये गुंडाळ्या सापडायला लागल्या. त्यात यशयाची एक पूर्ण गुंडाळी होती, सात मीटरांहून लांब, तोवर ज्ञात असलेल्या पूर्ण हिब्रू प्रतींपेक्षा सुमारे हजार वर्षं जुनी. ताडून बघितलं तर शुद्धलेखनाचे आणि लहानसहान शब्दांचे पुष्कळ फरक निघाले, पण पुस्तक तेच. त्याच गुहांमध्ये यिर्मयाच्या पुस्तकाची मात्र लांबीच वेगळी असलेली रूपं सापडली. म्हणजे लेखनिक काटेकोर होतेही, आणि काही पुस्तकं अनेक रूपांत फिरतही होती. दोन्ही वाक्यं खरी आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांतलं एकच फिरतं, कोणतं ते पाठवणारा कोण यावर ठरतं.

हे आपल्या बाजूच्या लोकांनाही सांगायला हवं. "बायबलमधलं एक अक्षरही कधी बदललेलं नाही" असा फॉरवर्ड मला दर नाताळला येतो, आणि पाठवणारी माणसं प्रेमळ असतात. पण हे वाक्य खोटं आहे, आणि खोट्या वाक्यावर उभी केलेली श्रद्धा एका व्हिडिओनं पडते. माझ्या भावाची तशीच पडली. गंमत म्हणजे कॅथलिक चर्च असं काही म्हणतच नाही! १९४३ मध्ये पोप पायस बारावे यांनी अभ्यासकांना मूळ भाषांकडे, लेखनप्रकारांकडे आणि पाठचिकित्सेकडे जायला मोकळीक दिली. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन महासभेच्या दस्तऐवजानं सांगितलं की शुभवर्तमानं आधी घडली, मग तोंडी सांगितली गेली, मग लेखकांनी निवडून, जुळवून लिहिली. आणि ती ज्या सत्याची हमी देतात ते आपल्या तारणासाठीचं सत्य आहे. १९९३ मध्ये पोपच्या बायबल आयोगानं तर शब्दशः, संदर्भ तोडून वाचणाऱ्यांवर बरीच कडक टीका केली. आपल्या कॅटेकिझमच्या वर्गांपर्यंत हे पोहोचायला आणखी किती वर्षं लागणार आहेत?

आता आजीच्या बायबलची गोष्ट सांगायलाच हवी. माझी आजी श्रीरामपूरकडची, हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला दर सप्टेंबरात चालत जाणारी. लग्न होऊन इंदूरला आली तेव्हा सोबत मराठी बायबल घेऊन आली, बायबल सोसायटीचं. इथे मिस्सा हिंदीत. एकदा मक्काबींच्या पुस्तकातला उतारा वाचला गेला, आजीनं घरी येऊन आपलं बायबल उघडलं, तर ते पुस्तकच नाही! टोबीतही नाही. तिला वाटलं छापताना पानं राहिली. कोणी तिला सांगितलं की प्रोटेस्टंटांनी काढून टाकली, कोणी सांगितलं की कॅथलिकांनी घुसडली.

घडलं असं. येशूच्या काळात ग्रीक बोलणारे यहुदी लोक ग्रीक भाषांतर वापरत, त्यात ही पुस्तकं होती. हिब्रू यादीत नव्हती. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी बहुतेक ग्रीकच वापरलं. जेरोमला शंका होती, ऑगस्टिनला नव्हती. नव्या कराराची २७ पुस्तकांची यादी ३६७ मध्ये अथानासियसच्या पत्रात जशीच्या तशी दिसते, पण जुन्या कराराची कड अशी थोडी उघडी राहिली. मार्टिन ल्यूथरनं ती पुस्तकं वेगळी काढून मध्ये ठेवली, १५४६ मध्ये ट्रेंटच्या महासभेनं ती कायमची आत घेतली. म्हणून आमची ७३ आणि त्यांची ६६. तरी इंग्रजी प्रोटेस्टंट बायबलांत ती परिशिष्टासारखी छापली जात होती. १८२६ च्या सुमारास लंडनच्या बायबल सोसायटीनं ठरवलं की अशा पुस्तकांच्या छपाईला पैसे द्यायचे नाहीत. मराठी बायबल याच सोसायट्यांच्या पैशांतून छापलं गेलं. आजीच्या पेटीत टोबीत का नव्हता, याचं उत्तर लंडनमधल्या एका ठरावात आहे! कुमरानच्या गुहांमध्ये टोबीताचे अरामी आणि हिब्रू तुकडे सापडले आहेत हे आजीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग माझ्यात कधी घालणार?"

भाषांतर हा या विषयाचा आपल्याला सर्वांत जवळचा भाग, आणि खरं तर माझा आवडता. विल्यम केरीनं बंगालमधल्या श्रीरामपुरात (आजीच्या नव्हे) पंडित वैजनाथांच्या मदतीनं १८०५ मध्ये मत्तय आणि १८११ मध्ये नवा करार मराठीत छापला. मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांनी स्वतंत्र भाषांतर केलं, त्यांचा नवा करार १८२६ चा. आणि मग केडगावला पंडिता रमाबाई. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, मूळ भाषांतून एकटीनं संपूर्ण बायबल मराठीत आणलं, साध्या बाईला कळेल अशा मराठीत. मुक्ती मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या बायकाच होत्या. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या, संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. एका बाईनं एकटीनं अख्खं बायबल भाषांतरित केल्याची उदाहरणं जगात बोटांवर मोजण्याइतकी असतील, आणि आपल्या अभ्यासक्रमात रमाबाई येतात त्या 'स्त्रीधर्मनीति'पुरत्या. याचा मला राग येतो, तो इथे नोंदवून ठेवते. कॅथलिकांकडे वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' आहे, ज्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. तेच दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते.

इंदूरच्या मराठी माणसाला आणखी एक सोय आहे, जी पुण्याच्या माणसाला सहज नाही. आपण हिंदी तितक्याच सहज वाचतो. योहानाच्या पहिल्याच ओळीतला 'लोगोस' हा ग्रीक शब्द घ्या. जुन्या प्रोटेस्टंट हिंदीत तो 'वचन' आहे, फादर कामिल बुल्के यांच्या हिंदीत 'शब्द', मराठीतही 'शब्द'. वचन म्हटलं की दिलेलं, पाळायचं काहीतरी. शब्द म्हटलं की शब्दब्रह्मापर्यंत सगळं कानात घुमायला लागतं. ग्रीकमध्ये त्याला 'विवेक', 'तर्क' अशाही छटा आहेत, त्या दोन्हींत निसटल्या. एका शब्दावर अर्धा तास बोलता येतं. हेच बुल्के, बेल्जियमचे जेझुइट, ज्यांनी रामकथेच्या उत्पत्ती आणि विकासावर हिंदीत प्रबंध लिहिला, ज्याला आजही रामभक्त अभ्यासक मान देतात. रामकथा कुठून आली, कशी वाढली, हे एका फादरनं आदरानं विचारलं तर चालतं, मग बायबल कुठून आलं हे आपण आदरानं का विचारू नये?

एक गोष्ट मात्र साफ सांगायला हवी. हस्तलिखितं ताडून जास्तीत जास्त काय कळतं? लेखकानं काय लिहिलं होतं ते. त्यानं लिहिलेलं घडलं का, हा इतिहासाचा प्रश्न, आणि तिथे काही गोष्टी भक्कम आहेत (पिलाताच्या हुकमानं क्रुसावरचं मरण, हे ख्रिस्ती नसलेल्या टॅसिटसनंही नोंदवलंय), काही विवाद्य आहेत, जसं लूकमधल्या शिरगणतीचं साल. आणि येशू उठला का, हे पाच हजारच काय, पाच लाख पोथ्याही सिद्ध करू शकणार नाहीत. मी ते मानते. पोथ्या जुन्या आहेत म्हणून मानत नाही. पण ज्यांनी ते पहिल्यांदा सांगितलं त्यांचे शब्द माझ्यापर्यंत बऱ्यापैकी शाबूत पोहोचलेत, हे मला ठाऊक आहे, आणि मानणं न मानणं मी त्या शब्दांपुढे उभी राहून ठरवू शकते. माझ्या भावालाही ते त्या शब्दांपुढे ठरवता यावं, व्हिडिओपुढे नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

मग वाचायचं कसं? माझ्या मते पहिली गोष्ट म्हणजे तुकडे खाणं थांबवायचं. आपण बायबल कॅलेंडरवरच्या वचनांतून वाचतो, जसं काही लोक तुकोबांना भिंतीवरच्या सुविचारांतून वाचतात. मार्क सोळा अध्यायांचा आहे, मोठ्यानं वाचला तर दीड तासात संपतो, एका सिनेमापेक्षा कमी. एका बैठकीत वाचला की कळतं, तो किती घाईत आहे, शिष्य किती बावळट दिसतात, शेवट किती अचानक येतो. मग प्रत्येक पुस्तकाला विचारायचं, तू आहेस कोण? स्तोत्रसंहितेला बातमीसारखं वाचायचं नाही, योनाला प्राणिशास्त्रासारखं नाही. अभंगात देव विटेवर उभा आहे म्हणून आपण विटेचं माप काढत नाही. दोन भाषांतरं शेजारी ठेवायची, आणि जिथे ती वेगळी होतात तिथेच थांबायचं. तळटिपा वाचायच्या. आणि शक्यतो एकट्यानं नाही, कारण एकट्यानं वाचलं की प्रत्येक ओळ आपल्याच बाजूनं बोलायला लागते.

यासाठी आपल्या साहित्य मंडळाकडे माझा एक प्रस्ताव आहे. पुढच्या सत्रात मार्कचं एका बैठकीतलं वाचन ठेवू या, तीन भाषांतरांतून, मराठी, हिंदी आणि इंग्रजी. आपल्या राज्यात 'कॉलेजमध्ये बायबल वाचन' असे शब्द उच्चारले की लोकांचे चेहरे ताठ होतात, मला ठाऊक आहे. २०२१ च्या कायद्यानंतर तर जास्तच. म्हणूनच ते दार उघडं ठेवून, सूचना फलकावर लावून, मराठीच्या प्राध्यापकांना पुढे बसवून करू. लीळाचरित्र वाचून मी महानुभाव झाले नाही, तशी मार्क वाचून कोणी ख्रिस्ती होईल ही भीती अनाठायी आहे. त्यानंतर लीळाचरित्रातल्या निवडक लीळा त्याच पद्धतीनं वाचू, पाठभेदांसकट. माझ्या भावाला मी बोलावणार आहे, त्यानं "बघतो" म्हटलंय.

हिंदी आणि इंग्रजी प्रती आपल्या ग्रंथालयात आहेत. 'सुबोध बायबल' मी घरून आणीन. अडचण आहे ती रमाबाईंच्या भाषांतराची, ते मला इंदूरमध्ये अजून कुठे मिळालेलं नाही. कोणाच्या आजीच्या पेटीत, जुन्या कपाटात केडगावची छपाई असलेली किंवा कोणतंही जुनं मराठी बायबल असेल, तर मुखपृष्ठाच्या आतल्या पानाचा, छपाईचं साल दिसेल असा फोटो मंडळाकडे पाठवा. प्रत आणायची गरज नाही, तिची पानं सुटत असतील.